इशारा गेला, तरी वांद्र्याचं काय?

दादरच्या एखाद्या छोट्या प्रकाशनात नव्या संगणकावर टेक्स्ट एडिटर आणि त्याचे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतले प्लगिन (एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) घातले, की टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, इशाऱ्याच्या ओळी येतात : ‘सिंटॅक्स वॉर्निंग, इनव्हॅलिड एस्केप सिक्वेन्स’, म्हणजे बॅकस्लॅशची अवैध जोडी. एडिटर मात्र नीट चालतो, आणि पुढच्या वेळी इशाराही दिसत नाही. कारण पायथन प्लगिनच्या फाइलचं बाइटकोडमध्ये, म्हणजे स्वतःला थेट चालवता येईल अशा रूपात, रूपांतर करून ते साठवून ठेवतो. इशारा येतो तो फक्त रूपांतर होताना. म्हणून दिसला नाही म्हणजे दोष मिटला, असं समजू नये.

भांडण बॅकस्लॅशचं, म्हणजे ‘\’ या तिरप्या रेघेचं आहे. प्रोग्रॅममधल्या अवतरणातल्या मजकुरात बॅकस्लॅशपुढे ‘एन’ आला की पायथन नवी ओळ समजतो. ‘डी’ आला तर त्याला काहीच अर्थ नाही. पण मजकूर शोधण्याच्या नमुन्यांत, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, तीच जोडी ‘कोणताही अंक’ सांगते. अनोळखी जोडी पायथन आहे तशी पुढे सोडतो, म्हणून वर्षानुवर्षं काम भागलं. २०१६ च्या ३.६ आवृत्तीपासून इशारा देऊन ही सवय मोडीत काढायला सुरुवात झाली, पण तो इशारा सहसा दिसतच नसे. ऑक्टोबर २०२३ च्या ३.१२ पासून तो सर्वांना दिसतो.

उपाय सोपा : अवतरणाआधी ‘आर’ (r) हे अक्षर लिहायचं, की बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो. सरसकट मात्र लावू नये, नाहीतर संदेशांतल्या नव्या ओळी मोडतात.

खरी काळजी मला न येणाऱ्या इशाऱ्याची वाटते. समजा, प्लगिनने सुट्या ‘व’च्या जागी ‘आणि’ घालायचं आहे. शब्दाची सीमा दाखवायला नमुन्यात बॅकस्लॅश-बी लिहितात. ‘आर’ नसेल तर पायथन त्याला बॅकस्पेस समजतो. ती वैध जोडी असल्याने इशारा नाही, आणि शोधात काहीही सापडत नाही. म्हणून इशाऱ्याच्या ओळीपुरतं न पाहता फाइलमधला प्रत्येक नमुना वाचावा.

‘आर’ लावल्यावर शोध चालतो, आणि ‘वांद्रे’चं ‘आणिांद्रे’ होतं! असे नमुने शोधणारं पायथनचं नेहमीचं मॉड्यूल (तयार कोडचा संच) मात्रा-वेलांट्यांना शब्दातलं अक्षर मानत नाही. ‘व’ आणि काना यांच्यामध्येच त्याला सीमा दिसते. मराठीसाठी बॅकस्लॅश-बी सोडून, ‘व’च्या दोन्ही बाजूंना युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणित यादीच्या, ०९०० ते ०९७एफ या देवनागरी पट्ट्यातलं चिन्ह नसावं, अशी अट घालावी लागते.