विचाराला मिनिटे किती?

२७ ऑक्टोबर १९६२. क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ युद्धाच्या उंबरठ्यावर होते. बी-५९ ही सोव्हिएत पाणबुडी क्यूबाजवळ पाण्याखाली अडकली होती. बॅटऱ्या संपत आलेल्या, आत जीवघेणा उकाडा, मॉस्कोशी संपर्क तुटलेला. ती वर यावी म्हणून अमेरिकी नौदल सरावाचे स्फोटगोळे टाकत होते. तिच्यावर अण्वस्त्राचा टॉर्पेडो आहे, याची त्यांना कल्पनाही नव्हती. कप्तान संतापला होता. पाणबुडीवरचे अधिकारी वासिली आर्खिपोव्ह यांनी त्याला शांत केले आणि पाणबुडी वर आली.

अमेरिकी अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्यात तेव्हा हॉटलाइन नव्हती. निरोप पोचून त्याचा उलगडा व्हायला तासन्‌तास लागत. हा उशीर धोक्याचा होताच. तरी त्या पेचाच्या तेरा दिवसांत दोघांना रात्रभर विचार करून सकाळी मत बदलता आले, हे मला फार मोलाचे वाटते.

आंतरखंडीय क्षेपणास्त्र सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर वेगाने जाते आणि अर्ध्या तासात रशियातून अमेरिकेत पोचते. उपग्रहाला त्याच्या ज्वाळांची उष्णता लगेच दिसते, पण रडारला ते क्षितिजावर आल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे खात्री होईपर्यंत बराच वेळ निघून गेलेला असतो. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत उपग्रहांनी पाच अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. कर्तव्यावरचे सोव्हिएत अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांना शंका आली: खरा हल्ला पाचांनीच कशाला सुरू होईल? रडारवरही काही दिसत नव्हते. त्यांनी तो इशारा खोटा ठरवला. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसले होते.

त्याच वर्षाअखेरीस अमेरिकेची पर्शिंग-२ क्षेपणास्त्रे पश्चिम जर्मनीत येऊ लागली. ती काही मिनिटांतच सोव्हिएत भूमीवर पोचू शकत होती. १९८७ च्या कराराने ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागायची क्षेपणास्त्रे दोन्ही देशांनी नष्ट करायचे ठरवले, आणि तसे केलेही.

आज जगातली अण्वस्त्रे १९८६ च्या सुमारे ७०,००० वरून साधारण १२,००० वर आली आहेत. पण २०१९ मध्ये तो करार संपला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये रशियाने मध्यम पल्ल्याचे ‘ओरेश्निक’ क्षेपणास्त्र युक्रेनमधल्या द्निप्रो शहरावर डागले. त्यावर अण्वस्त्र नव्हते. पण ते नेण्याची क्षमता त्यात आहे, आणि येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या टोकात काय आहे हे रडार सांगू शकत नाही. तो १९८७ चा करार गेल्यापासून त्याची जागा घेणारे काहीच आलेले नाही. मला अण्वस्त्रांच्या संख्येपेक्षा याची काळजी जास्त वाटते.