पाकीट कोण उघडतं, कोण फोडतं?

दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या की मुंबईच्या वर्तमानपत्रांत ‘पेपर फुटला’ हा मथळा कधी ना कधी झळकतोच. खरं तर फुटतं ते पाकीट. वर्गात मुलांसमोर पर्यवेक्षक सीलबंद पाकीट ‘उघडतात’. तेच आदल्या रात्री कुणी हाताळलं तर ‘फोडलं’. महापालिकेतल्या निविदाही उघडतात. त्या फोडल्या, तर चौकशी लागते.

‘फोडणे’च्या मुळाशी संस्कृत ‘स्फुट्’ धातू आहे. प्राकृतात त्याचं ‘फोडइ’ झालं. ‘फुटणे’ हा त्याचा जोडीदार, जसं तोडणे-तुटणे, सोडणे-सुटणे. या जोडीदाराची सोय मोठी आहे: ‘पेपर फुटला’ म्हटलं की फोडणारा वाक्यातून पसार!

या क्रियापदाला पूर्वी गुन्ह्याचा वास नव्हता. लाखेची मोहोर लावलेला लखोटा फोडल्याशिवाय वाचताच येत नसे. लाख ठिसूळ, वाकवली की तडकते आणि पुन्हा वितळवली तर ठसा जातो. म्हणूनच ती लावत. पुढे गोंदाने चिकटवलेली पाकिटं आली, पण क्रियापद तेच राहिलं. गिरणगावच्या चाळींत गावाकडचं पाकीट ‘फोडून’च वाचलं जाई. १८७९ साली आलेल्या पोस्टकार्डात फोडायला काही नव्हतंच. पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत कुणीही वाचावं.

दुसऱ्याचं पत्र फोडण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली. १८९८च्या टपाल कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षेच्या कारणावरून टपाल अडवण्याची तरतूद होती. २०२३च्या नव्या कायद्यातही टपाल अडवण्याचा आणि उघडण्याचा अधिकार आहे. सरकारी मराठीत अर्थातच ‘उघडणे’.

कुलूप, तिजोरी, एटीएम फोडणं ही चोरांची कर्मं. दहीहंडी मात्र वाजतगाजत फोडतात. नारळाचं त्याहून गमतीचं: देवापुढे तो ‘वाढवायचा’, कारण शुभकार्यात फुटण्याची भाषा नको. निवडणुकीत हा संकोच गळून पडतो आणि बातमीत ‘प्रचाराचा नारळ फुटतो’.

घरात तर या क्रियापदाला कुणी बिचकतच नाही. बिस्किटांचा पुडा फोडायचा, पाचशेची नोट फोडायची. सकाळी कोपरा कापून पातेल्यात रिकामी केली ती दुधाची पिशवी ‘फोडली’. जिन्यातच गळायला लागली, तर ती ‘फुटली’.