मासा ओळखायचा तर आधी पर मोजा

किनाऱ्यावर वाहून आलेला, काही मीटर लांबीचा, चंदेरी, डोक्यावर तांबडा तुरा असलेला प्राणी. असा व्हिडिओ अधूनमधून फिरत येतो आणि खालचा मजकूर ठरलेला असतो: सागरी सर्प सापडला, आता भूकंप होणार. हा प्राणी म्हणजे ओअरफिश. कल्ल्यांवर हाडाचे झाकण आहे, पाठीवर डोक्यापासून मागेपर्यंत सलग पर (माशाचा पोहण्याचा पंख) आहे आणि तुरा म्हणजे त्याच पराचे पुढचे लांबलेले किरण, म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्या. सापाकडे यातले काहीच नसते. भूकंपाबद्दल म्हणाल, तर जपानमधल्या संशोधकांनी १९२८ ते २०११ या काळातल्या खोल पाण्यातल्या माशांच्या नोंदी भूकंपांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दोहोंत संबंध आढळत नाही. तरीही अफवा चालतेच, कारण व्हिडिओ पाहणारा प्राण्याचा आकार बघतो, अवयव बघत नाही.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मासे ओळखायला शिकताना पहिली सवय मोडावी लागते ती हीच. नावावरही विसंबता येत नाही. तारामाशाला पाठीचा कणाच नसतो. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. माशाच्या शेपटीचा पर उभा असतो आणि डावी-उजवीकडे हलतो. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसनेसुद्धा १७३५ मध्ये देवमासे माशांतच घातले होते. १७५८ मध्ये त्याने ते सस्तन प्राण्यांत हलवले.

मोठे गट पाडणे सोपे आहे. जबडाच नसेल तर लॅम्प्रे किंवा हॅगफिश हे लांबट मासे. जबडा आहे आणि डोक्यामागे ५ ते ७ उघड्या कल्लेफटी आहेत, तर मुशी किंवा पाकट, म्हणजे कास्थिमत्स्य (कूर्चेचा सांगाडा असलेले मासे). कल्ल्यांवर हाडाचे झाकण असेल तर अस्थिमत्स्य (हाडांचा सांगाडा असलेले मासे). माशांच्या ३५ हजारांहून अधिक ज्ञात जातींपैकी बहुतेक सगळ्या या शेवटच्या गटात येतात, त्यामुळे खरे काम इथून पुढे सुरू होते. ते पराच्या आधारकाड्यांवर चालते.

या काड्या दोन प्रकारच्या. काटा एकसंध असतो; त्याला सांधे नाहीत, फाटे नाहीत. मऊ किरणाची रचना मात्र विलक्षण आहे. तो एक काडी नसून डावी आणि उजवी अशा दोन अर्ध्या पट्ट्या एकमेकींना चिकटून बनलेला असतो. प्रत्येक पट्टीत हाडाचे बारीक तुकडे एकापुढे एक सांधलेले असतात आणि टोकाकडे बहुधा फाटे फुटतात. उपयोग समजून घ्यायचा तर जाड कागदाच्या १५ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. एका टोकाला त्या स्टेपल करा, मध्ये दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने सैल बांधा आणि मोकळ्या टोकाकडून एकच पट्टी किंचित ओढा. पूर्ण जोडी ओढलेल्या बाजूला वाकते. माशाचे स्नायूही किरणाच्या मुळाशीच असतात आणि नेमके हेच करतात: डावा स्नायू डावी पट्टी ओढतो, किरण डावीकडे वाकतो. किरणात स्वतःचा एकही स्नायू नाही, तरी पाण्याच्या दाबाविरुद्ध मासा पराला हवा तो बाक देतो. काट्यात दोन पट्ट्या उरलेल्या नसतात, म्हणून तो उभारता-मिटता येतो, पण वाकवता येत नाही. त्याचे काम संरक्षणाचे.

म्हणूनच ‘टोचतो तो काटा’ ही व्याख्या फसते. सामान्य कार्प माशाच्या पाठीच्या परात पुढे एक जाड, मागच्या कडेला करवतीसारखे दात असलेली काडी असते. ती काटा म्हणून नोंदवली की ओळखसूची (लक्षणांवरून पायरी-पायरीने जात ठरवणारी यादी) तुम्हाला थेट पर्चसारख्या काटेरी पराच्या माशांकडे नेते आणि पुढची प्रत्येक पायरी चुकते. मुळात तो कडक झालेला मऊ किरण आहे. भिंगाखाली, प्रकाश मागून घेऊन टोक पाहिले तर सांध्यांच्या खुणा दिसतात. मिशावाल्या कॅटफिशचे ‘काटे’ही असेच.

नोंद करताना काट्यांसाठी रोमन अंक आणि किरणांसाठी साधे अंक लिहायचे. मोझांबिक तिलापियाच्या पाठीवर बहुधा १५ ते १७ काटे आणि त्यांच्यामागे १० ते १३ मऊ किरण असतात, तर गुदपरात (गुदद्वारामागच्या, खालच्या परात) ३ काटे. मोजणी पराच्या मुळाशी करा. टोकाशी केली तर फाट्यांमुळे आकडा फुगतो. शेवटचे दोन किरण मुळाशी जोडलेले असतील तर तो एकच किरण, बुंध्यापर्यंत दुभंगलेला.

पार्श्वरेषेवरचे, म्हणजे माशाच्या कुशीवरून शेपटीकडे जाणाऱ्या छिद्रांच्या ओळीवरचे, खवले मोजतानाही सुरुवात आणि शेवट कुठे हेच चुकते. कल्ल्याच्या फटीच्या वरच्या टोकाशी, खांद्याच्या हाडाला टेकलेला छिद्रयुक्त खवला पहिला. शेवट शोधायला शेपटी हलकेच वाकवा. जिथे घडी पडते तिथे थांबा, परावर चढलेले खवले धरू नका. खवला गळून पडला असेल तर त्याची खोबण मोजा. ही सगळी कामे प्रथेप्रमाणे डाव्या बाजूवर होतात, म्हणून फॉर्मॅलिन (नमुना सडू न देणारे रसायन) आत शिरावे यासाठी पोटाला चीर द्यायची ती उजवीकडे. द्रावण एक भाग बाजारी फॉर्मॅलिन आणि नऊ भाग पाणी असे. हात घालताना हातमोजे हवेत आणि खोली हवेशीर हवी. रंग आधीच टिपून ठेवा, फॉर्मॅलिनमध्ये तो उडतो. जनुकीय तपासणी करायची असेल तर स्नायूचा तुकडा त्याआधीच काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

पिल्ले सर्वांत फसवी. पानासारखा चपटा, काचेसारखा पारदर्शक लेप्टोसेफॅलस १८५६ मध्ये वेगळा मासा म्हणून वर्णिला गेला. तो ईल या सापासारख्या लांब माशाचे पिल्लू आहे हे ग्रासी आणि कॅलांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनी १८९६ मध्ये दाखवून दिले. युरोपीय आणि अमेरिकन ईलची पिल्ले डोळ्यांना सारखीच दिसतात. मग त्यांच्या अंगावरचे स्नायूखंड मोजतात, कारण जितके खंड साधारण तितकेच मणके: युरोपीय ईलमध्ये सरासरी ११५ च्या आसपास, अमेरिकन ईलमध्ये १०७.