ग्रीनलंडचा किनारा आणि दहा सेकंदांचा फरक

ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतचा सागरी बर्फ उन्हाळ्यातही पुरता हटत नसल्यामुळे मोजणी करणारे फार थोडे लोक तिथवर पोहोचले. १८२३ मध्ये एडवर्ड सॅबाइन या ब्रिटिश अधिकाऱ्याने, १८७० मध्ये एका जर्मन मोहिमेने आणि १९०७ मध्ये डेन्मार्कच्या मोहिमेतील नकाशाकार योहान पेटर कोख यांनी या किनाऱ्याचे रेखांश ठरवले. कोख यांचे निरीक्षण अधिक उत्तरेला, डानमार्क्सहाव्न येथे झाले होते. ते त्रिकोणमापनाने जुन्या ठिकाणाशी जोडावे लागले.

अक्षांश काढणे त्या मानाने सोपे, कारण मध्यान्हीच्या सूर्याची उंची त्यासाठी पुरते. रेखांशासाठी मात्र स्थानिक वेळ आणि ग्रीनिचची वेळ यांतील फरक अचूक कळावा लागतो. महिनोन्‌महिने थंडीत वागवलेल्या घड्याळांवर विसंबता येत नसे, म्हणून तिन्ही वेळा चंद्राचा आधार घेतला गेला. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र तासाला सुमारे अर्धा अंशच सरकतो. त्यामुळे त्याची जागा वाचताना अंशाच्या साठाव्या भागाची चूक झाली तरी वेळेत दोन मिनिटांची चूक होते, आणि या अक्षांशावर ती जवळपास पंधरा किलोमीटर भरते. अनेक निरीक्षणांची सरासरी काढूनच ती आटोक्यात आणता येई.

कोख यांच्या मोहिमेत आल्फ्रेड वेगेनर हे तरुण हवामानशास्त्रज्ञही होते. खंड सरकतात हा विचार त्यांनी पुढे १९१२ मध्ये मांडला आणि या तीन रेखांशांत त्यांना त्याचा मोजलेला पुरावा दिसला. आकड्यांनुसार ग्रीनलंड आधीच्या टप्प्यात ४२० मीटर आणि नंतरच्या टप्प्यात ११९० मीटर पश्चिमेला गेले होते, म्हणजे वर्षाला अनुक्रमे सुमारे ९ आणि ३२ मीटर. पण तिथे वेळेतील एका सेकंदाची चूक जमिनीवर साधारण सव्वाशे मीटर होते. ११९० मीटर म्हणजे दहा सेकंदही नव्हेत. जहाजांसाठी किनारा रेखाटायला ही अचूकता उत्तम होती, त्यामुळे मोजणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या कामाकडून मागितलेले उत्तरच त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

पुढे बिनतारी वेळसंकेतांनी चंद्राची गरज संपवली आणि तो प्रचंड वेग नाहीसा झाला. वेगेनर यांचा मूळ विचार मात्र खरा निघाला. ग्रीनलंड आणि युरोप यांच्यातील अंतर वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटरने वाढते. सॅबाइनपासून कोख यांच्यापर्यंतच्या ८४ वर्षांत ते दोन मीटरही वाढले नसणार, आणि तेवढे टिपायला चंद्रावरून काढलेली वेळ सेकंदाच्या सत्तराव्या भागापर्यंत बिनचूक असावी लागली असती.