काम नाही तर खाणं नाही? अमेरिकेतल्या ख्रिस्ती राजकारणात गरिबी आणि वर्णभेदाचा वाद आला कुठून

मे २०१३ मध्ये अमेरिकन संसदेच्या शेती कमिटीत फूड स्टँपवर चर्चा चालू होती. फूड स्टँप म्हणजे गरीब कुटुंबांना महिन्याच्या किराण्यासाठी सरकार देतं ती मदत, आणि त्यात मोठी कपात करायचा प्रस्ताव होता. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट खासदार हुआन व्हार्गस यांनी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचं पंचविसावं प्रकरण काढलं, "मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिलं". त्यावर टेनेसीचे रिपब्लिकन खासदार स्टीफन फिंचर यांनी बायबलमधलंच, पौलाने थेस्सलनीका गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं दुसरं पत्र काढलं, की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. फिंचर स्वतः कापसाचे शेतकरी, आणि १९९९ ते २०१२ या काळात त्यांना स्वतःला शेतीची सरकारी सबसिडी सुमारे ३५ लाख डॉलर मिळालेली होती, हे नंतर पेपरांत भरपूर छापून आलं.

हा किस्सा बरेच जण दांभिकपणाचं उदाहरण म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात. पण दोन्ही माणसं मनापासून श्रद्धावान आहेत, दोघांच्या मागे साडेतीनशे-चारशे वर्षांची परंपरा आहे, आणि ती परंपरा बघितली की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. गरिबाला मदत करायची की नाही हा प्रश्न अमेरिकेत कधी एकटा येतच नाही, हा गरीब आपल्यातला आहे का हा प्रश्न त्याच्या पोटात असतोच.

सुरुवात १६३० पासून करू. प्युरिटन, म्हणजे इंग्लंडमधल्या कडक आचाराच्या प्रोटेस्टंट लोकांचा पुढारी जॉन विन्थ्रॉप याने मॅसॅच्युसेट्सला निघताना जे प्रवचन दिलं त्यातलं "डोंगरावरचं शहर" अमेरिकेतल्या सगळ्या राजकारण्यांना पाठ आहे, राष्ट्राध्यक्ष रेगन तर सारखे म्हणायचे. त्याच प्रवचनाच्या सुरुवातीला विन्थ्रॉप म्हणतो की काही श्रीमंत आणि काही गरीब ही देवाचीच योजना आहे, आणि पुढे असंही म्हणतो की गरजू भावाकडे परत फेडायला काही नसेल तर उसने दिलेले पैसे सोडून द्या. म्हणजे दोन्ही बाजूंचं मूळ एकाच प्रवचनात आहे, फक्त ते कर्ज सोडून देण्याचं वाक्य भाषणांत सहसा येत नाही.

दुसरीकडे व्हर्जिनियात वेगळाच पेच होता. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला गुलाम ठेवावं का ही शंका लोकांच्या मनात होती, त्यामुळे मालक गुलामांना बाप्तिस्मा द्यायला, म्हणजे विधी करून ख्रिस्ती करून घ्यायला घाबरायचे, उद्या हा सुटका मागेल म्हणून. १६६७ साली तिथल्या विधिमंडळाने सरळ कायदाच केला की बाप्तिस्म्याने गुलामाची सुटका होत नाही. मला तर हा छोटासा कायदा पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटतो, कारण इथे आत्मा एका खात्यात आणि शरीर दुसऱ्या खात्यात टाकलं गेलं, आत्म्याला तारण मिळणार पण शरीर मालकाच्या मालमत्तेतच राहणार. आणि हे संपत्ती वाचवण्यासाठी झालं, धर्मशास्त्र नंतर जुळवून घेतलं गेलं. मग बायबलमधल्या नोहाने आपल्या हाम या मुलाच्या मुलाला दिलेला दास होण्याचा शाप, "दासांनो, धन्यांच्या आज्ञा पाळा" ही वचनं, सगळं त्या कामाला लागलं.

चर्चच्या आत काय चाललं होतं तेही बघा. अठराव्या शतकाच्या शेवटी फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्ज या मेथडिस्ट (हा एक प्रोटेस्टंट पंथ) चर्चमध्ये ॲबसलम जोन्स हे कृष्णवर्णीय गृहस्थ गुडघे टेकून प्रार्थना करत होते, आणि प्रार्थना चालू असतानाच त्यांना विश्वस्तांनी धरून उठवायला सुरुवात केली, का तर ती जागा त्यांची नव्हती. प्रार्थना तरी संपू द्या म्हणाले, तेही ऐकलं नाही. रिचर्ड ॲलन आणि बाकीचे सगळे तिथून उठून बाहेर पडले आणि पुढे १८१६ मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल हा वेगळा पंथच उभा राहिला. नंतर मेथडिस्ट चर्च १८४४ मध्ये फुटलं कारण जॉर्जियाच्या एका बिशपकडे गुलाम होते, आणि १८४५ मध्ये गुलामगिरीच्याच वादावरून बॅप्टिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ फुटला आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन जन्माला आलं. हीच संस्था आज अमेरिकेतली सगळ्यात मोठी प्रोटेस्टंट संघटना आहे, आणि गुलामगिरीबद्दल तिने अधिकृत माफी मागितली ती १९९५ साली. त्याच १८४५ मध्ये गुलामगिरीतून पळून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी आपल्या आत्मकथनात लिहिलं की या देशातला ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपल्याकडे या लढ्याचे पडसाद उमटले होते, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. पण पंडिता रमाबाई १८८६ मध्ये प्रत्यक्ष तिथे गेल्या, दोनेक वर्षं राहिल्या, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांना भेटल्या, आणि मराठीत अमेरिकेबद्दल लिहिताना त्यांनी तिथल्या मोकळेपणाचं भरभरून कौतुक करूनही वर्णभेदावर बोट ठेवलंच.

रमाबाई तिथे होत्या तो काळ म्हणजे कारखानदारीच्या अफाट पैशाचा काळ. फिलाडेल्फियातले बॅप्टिस्ट पाळक रसेल कॉनवेल एकच व्याख्यान गावोगावी सहा हजारांहून जास्त वेळा देत फिरले, सांगणं असं की श्रीमंत होणं हे तुमचं कर्तव्य आहे, आणि ज्यांची कीव करावी असे गरीब फार थोडे असतात, बाकीच्यांना देवाने त्यांच्या पापाची शिक्षा दिलेली असते. आज ऐकायला भयंकर वाटतं पण हॉल भरायचे, आणि त्या पैशातून कॉनवेल यांनी गरीब मुलांना शिकायला मदत केली हेही खरं.

त्याच वेळी न्यूयॉर्कच्या हेल्स किचन या गरीब वस्तीजवळ वॉल्टर राउशेनबुश नावाचा तरुण जर्मन बॅप्टिस्ट पाळक १८८६ मध्ये आला आणि अकरा वर्षं राहिला. त्याला हादरवलं ते लहान मुलांच्या अंत्यविधींनी, एकामागून एक, आणि त्यातून तो या निष्कर्षाला आला की एकेका माणसाचं पाप धुऊन भागत नाही, भाडं, मजुरी, कारखाना यांत बसलेलं पाप पण आहे. याला सोशल गॉस्पेल म्हणतात. १८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं, १९०८ मध्ये मेथडिस्टांनी योग्य मजुरी आणि बालमजुरीविरुद्ध जाहीरनामा केला. सगळं चांगलंच झालं, पण माझी मोठी तक्रार ही आहे की दक्षिणेत कृष्णवर्णीयांची झुंडीने हत्या होत होती तेव्हा या मंडळींतले बहुतेक गप्प होते. गरिबी दिसली, पण ती गोऱ्या कामगाराची.

मग १९३० ची मंदी. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी मार्च १९३३ च्या पहिल्याच भाषणात सांगून टाकलं की आपल्या संस्कृतीच्या मंदिरातले सराफ आपापल्या आसनांवरून पळाले आहेत, हे थेट येशूने मंदिरातले सराफ हाकलले त्या प्रसंगातलं. दक्षिणेतल्या गोऱ्या ख्रिस्ती मतदारांनी त्यांना डोक्यावर घेतलं, सरकारी मदत तेव्हा कुणाला अधर्म वाटली नाही. पण १९३५ च्या सोशल सिक्युरिटी (म्हातारपणी पेन्शन वगैरे) कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले, आणि दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय हीच कामं करत होते. का वगळले यावर इतिहासकारांत वाद आहे, परिणाम काय झाला यावर नाही.

उद्योगपतींना अर्थातच रूझवेल्ट नको होते. लॉस एंजेलिसचे पाळक जेम्स फायफील्ड यांनी १९३५ मध्ये स्पिरिच्युअल मोबिलायझेशन नावाची संघटना काढली, मोठमोठ्या कंपन्यांचा पैसा आला, आणि देशभरच्या पाळकांना समजावलं जाऊ लागलं की श्रीमंतांवर कर लावून वाटप करणं म्हणजे "चोरी करू नको", "लोभ धरू नको" या आज्ञा मोडणं. याच फायफील्डांचं म्हणणं होतं की बायबल वाचणं माशासारखं आहे, काटे बाजूला काढायचे आणि मांस खायचं. श्रीमंतांबद्दल येशू जे बोलला ते बहुधा काट्यांत गेलं. खुला बाजार म्हणजे ख्रिस्ती आणि सरकार म्हणजे नास्तिक कम्युनिझम हे समीकरण इथून घट्ट झालं, १९५६ मध्ये "देवावर आमचा भरवसा" हे देशाचं ब्रीदवाक्य झालं ते याच हवेत.

या सगळ्याला एका जागी आणून उभं केलं मार्टिन लूथर किंग यांनी. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी, त्यात एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू पण होते, जाहीर पत्र लिहिलं की वर्णभेदाविरुद्धचं आंदोलन चुकीच्या वेळी होतंय, कोर्टात जा. ही माणसं कट्टर वंशद्वेष्टी नव्हती, मवाळ होती, आणि किंग यांनी तुरुंगातून जे उत्तर पाठवलं त्यात सगळ्यात जास्त दुःख याच मवाळांबद्दल आहे. पुढे १ फेब्रुवारी १९६८ ला मेंफिसमध्ये दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार पावसात कचऱ्याच्या गाडीच्या आत आडोशाला बसले होते, यंत्र अचानक चालू झालं आणि दोघं चिरडून मेले. सुमारे तेराशे कामगार संपावर गेले. किंग १८ मार्चला तिथे बोलले आणि बायबलच्या लूकमधली श्रीमंत माणूस आणि लाजर नावाच्या भिकाऱ्याची गोष्ट सांगितली, की तो श्रीमंत नरकात गेला तो श्रीमंत होता म्हणून नाही, दारात पडलेल्या लाजराजवळून रोज जायचा आणि त्याला तो दिसायचाच नाही म्हणून. संपत्ती, गरिबी आणि भेदभाव तिन्ही इतक्या थोडक्यात जोडलेलं दुसरं काही माझ्या वाचनात नाही. ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली.

साठच्या दशकात सरकारी योजना कृष्णवर्णीयांपर्यंत खऱ्या अर्थाने पोचायला लागल्या आणि बरोबर त्याच सुमाराला गोऱ्या ख्रिस्ती मतदारांत "सरकारी मदत माणसाला आळशी करते" हा सूर चढला. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. साऊथ कॅरोलिनाच्या बॉब जोन्स विद्यापीठाची करसवलत १९७६ मध्ये वर्णभेदी नियमांमुळे काढली गेली, सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये ८ विरुद्ध १ ने ते कायम केलं, आणि रँडल बामर यांच्यासारखे इतिहासकार म्हणतात की ख्रिस्ती उजव्यांची चळवळ गर्भपाताच्या आधी अशा शाळांच्या करसवलतीवरून पेटली. सगळ्यांना हे पटत नाही. पण १९७६ च्या प्रचारात रेगन यांनी मदत लाटणाऱ्या शिकागोच्या बाईची गोष्ट गावोगावी सांगितली, आणि ऐकणाऱ्यांना तिचा वर्ण सांगावा लागला नाही. १९७९ ला पाळक जेरी फॉलवेल यांची मॉरल मेजॉरिटी ही उजव्या ख्रिस्ती मतदारांची संघटना आली. उलट बाजूने कॅथलिक बिशपांनी १९८६ मध्ये पत्रक काढलं की अर्थधोरण गरिबाचं काय होतं यावरून तपासा, त्याची चर्चा झाली आणि विरली.

टीव्हीवरचा समृद्धीचा संदेश, म्हणजे दान द्या, देव दसपट देईल, हा वेगळा विषय आहे, एवढंच सांगतो की त्याला मानणाऱ्यांत गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो माणसं खूप आहेत, त्यांना मूर्ख म्हणून उडवून लावणं चूक आहे, कारण तिथे कुणीतरी पहिल्यांदा त्यांना सांगतं की तुझी गरिबी ही देवाची इच्छा नाही. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या शपथविधीत याच परंपरेतल्या पॉला व्हाइट यांनी प्रार्थना केली.

आणि आत्ताचा वाद. जानेवारी २०२५ मध्ये उपाध्यक्ष जेडी व्हान्स, जे स्वतः कॅथलिक झालेले आहेत, म्हणाले की ख्रिस्ती प्रेमाचा क्रम असतो, आधी कुटुंब, मग शेजारी, मग आपला समाज, मग देशबांधव, मग उरलेलं जग. १० फेब्रुवारीला पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहून सांगितलं की प्रेमाचा खरा क्रम चांगल्या शोमरोनीच्या गोष्टीत बघा, जिथे रस्त्यावर जखमी पडलेल्याला उचलणारा परका असतो. जुलैमध्ये नव्या कायद्याने फूड स्टँप हवे तर काम केलं पाहिजे ही अट वयाच्या ६४ वर्षांपर्यंत वाढवली. मे महिन्यात पोप झालेले शिकागोचे रॉबर्ट प्रीव्होस्ट यांनी कामगारांवर लिहिणाऱ्या त्या तेराव्या लिओंवरूनच चौदावे लिओ हे नाव घेतलं आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा पहिला मोठा लेख गरिबांवरच आला. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन बिशपांनी सरसकट हद्दपारीच्या विरोधात निवेदन मंजूर केलं, २१६ विरुद्ध ५ मतांनी. चर्चमध्ये बाकांवर बसलेल्या गोऱ्या कॅथलिकांपैकी बहुसंख्यांनी मात्र वर्षभरापूर्वीच मत दिलं होतं ट्रम्प-व्हान्स जोडीला.