मॉडेलिंग डायग्राममधले रंग

सॉफ्टवेअरची रचना दाखवणाऱ्या डायग्राममध्ये कुठला रंग कशासाठी वापरायचा, हा तसा दुर्लक्षित विषय आहे. यूएमएल या अशा डायग्रामच्या प्रमाण चिन्हभाषेत चौकोन, बाण, तुटक रेष सगळ्याला अर्थ ठरवून दिलाय पण रंगाला काहीच नाही, त्यामुळे काढणारा देईल तो अर्थ आणि त्याने तो लिहून ठेवला नसेल तर बघणारा मनाने काहीतरी लावून मोकळा होतो. आकार आतून भरण्याला मात्र अर्थ आहे! रेषेच्या टोकाचा रिकामा डायमंड म्हणजे अ‍ॅग्रिगेशन (भाग स्वतंत्रही राहू शकतो), भरलेला म्हणजे कंपोझिशन (भाग पूर्णाला बांधलेला), आणि कुणी हौसेने रिकाम्यात गडद निळा भरला की नातंच बदललं.

रंगाला पक्का अर्थ देणारी गाजलेली पद्धत पीटर कोड आणि सहकाऱ्यांची, १९९९ची. तिच्यात क्लासचे, म्हणजे सिस्टिममधल्या एकेका प्रकारच्या गोष्टीच्या चौकोनाचे, चार रंग. गाडी भाड्याने देणारी सिस्टिम घ्या: भाड्याचा व्यवहार, म्हणजे ठराविक वेळी घडणारी गोष्ट, गुलाबी, ग्राहक ही भूमिका पिवळी, प्रत्यक्ष माणूस आणि प्रत्यक्ष गाडी हिरवी, गाडीच्या मॉडेलची कॅटलॉगसारखी माहिती निळी. उद्या तोच माणूस ड्रायव्हर म्हणूनही आला तर हिरवा चौकोन तोच राहतो, पिवळा एक वाढतो. डायग्राम उघडली की आधी गुलाबी शोधायचं, कारण धंदा तिथे चालतो; सगळं हिरवंच दिसलं तर बहुतेक व्यवहार मांडायचेच राहिलेत.

अल्बर्टो ब्रँडोलिनीच्या इव्हेंट स्टॉर्मिंगमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून चिठ्ठ्या लावत धंदा समजून घ्यायच्या पद्धतीत, घडलेली घटना नारिंगी चिठ्ठीवर आणि कमांड, म्हणजे सिस्टिमला दिलेला हुकूम, निळ्या चिठ्ठीवर, म्हणजे पीटर कोडचा निळा वेगळा आणि हा वेगळा. म्हणून कोपऱ्यात रंगसूची हवीच, टीममध्ये सगळ्यांना माहितीये असं वाटत असलं तरी.

रंगाच्या एकट्याच्या भरवशावर अर्थ सोडू नये. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये तर लाल आणि हिरवा चौकोन कुणालाही सारखेच राखाडी दिसू शकतात. तिथे समजा लाल म्हणजे काढून टाकलेला क्लास असेल, तर त्याची कड तुटक केली किंवा आत स्टिरिओटाइप, म्हणजे « » खुणांत प्रकाराचं नाव, लिहिला तर रंग गेला तरी काम भागतं. अक्षरांचं तसंच, गडद निळ्यावर काळं नाव कुणी वाचत नाही. वेबच्या डब्ल्यूसीएजी नियमात साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचं गुणोत्तर) सांगितलाय, फिकट रंग भरून काळी अक्षरं ठेवली की तो आरामात मिळतो.