वाटाणा गोठतो तेव्हा आत काय होतं?

जानेवारीत कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत वाटाणा स्वस्त झाला की आमच्या गल्लीत घरोघरी शेंगा सोलायला बसतात. यंदा शेजारच्या वहिनींनी सोललेले तीन किलो दाणे एकाच पिशवीत भरले, गाठ मारली आणि फ्रीझरमध्ये ठेवून दिले. महिन्याभरानं उसळीसाठी काढले तर पिशवीच्या तळाशी हिरवट पाणी, साली सुटलेल्या, आणि मधला दाणा बोटानं दाबला की लगदा. वाटीत थोडे दाणे घेऊन त्या आमच्याकडे आल्या. “बघा की काका, दुकानातला फ्रोझन वाटाणा कसा टचटचीत असतोय, आणि आमचा हा असा. ते काय औषध घालतात का ओ?”

औषध नाही. फरक वेळेचा आहे. कारखान्यात उणे ३० - ४० अंशांच्या वाऱ्याच्या झोतात दाणा सुटा सुटा काही मिनिटांत गोठतो. वहिनींच्या पिशवीतल्या मधल्या दाण्याला त्याच कामाला जवळजवळ अख्खा दिवस लागला असणार.

पाणी शून्य अंशाला गोठतं, हे आपण शाळेत शिकलो. पण शून्यावर पोचल्यावर काय होतं ते एकदा डोळ्यांनी पाहावं. मी स्टीलच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात प्रयोगशाळेतला तापमापक सोडला आणि पेला फ्रीझरमध्ये ठेवला. पारा भराभर उतरला, शून्याच्याही किंचित खाली गेला, मग उडी मारून परत शून्यावर आला आणि तिथंच बसला. तास उलटला तरी हलला नाही. १ ग्रॅम पाणी ३० अंशांवरून शून्यावर आणायला ३० कॅलरी उष्णता काढावी लागते. त्याच पाण्याचा बर्फ करायला आणखी ८० कॅलरी काढाव्या लागतात, आणि तेवढ्या वेळात तापमान तसूभरही बदलत नाही. फ्रीझरची खरी मेहनत इथं असते.

अन्नातल्या पाण्यात साखर आणि क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे तिथं हा मुक्काम साधारण उणे १ ते उणे ५ अंशांच्या पट्ट्यात पडतो. बहुतेक पाणी याच पट्ट्यात गोठतं. पट्टा झटकन ओलांडला तर दाणा वाचतो, रेंगाळला तर बिघडतो.

याचं कारण बर्फाच्या जन्मात आहे. स्फटिक वाढायला आधी त्याचं सूक्ष्म बीज तयार व्हावं लागतं. थंडी जोरात बसली तर एकाच वेळी असंख्य बीजं पडतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच पाणी येतं आणि स्फटिक बारीक राहतात. थंडी सावकाश आली तर बीजं मोजकी, आणि आसपासचं सगळं पाणी तीच ओढून घेतात. हे मोठे स्फटिक सुईसारखे पेशींत घुसतात, एवढंच आपण ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. दाण्यात दोन पेशींच्या मधल्या फटींत जे पाणी असतं, ते आधी गोठतं. पाणी बर्फ होऊन बाजूला निघालं की उरलेल्या थेंबात क्षार दाट होत जातात, आणि तो दाट थेंब पेशीच्या आतलं पाणी बाहेर खेचतो. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, अगदी तसंच. फक्त इथं बाहेर आलेलं पाणीही लगेच बर्फाला चिकटतं, त्यामुळे ओढ थांबतच नाही. तासन्‌तास हे चाललं की पेशी आक्रसते, तिचं पातळ आवरण निकामी होतं. पुढं दाणा वितळला तरी ते पाणी आत परतू शकत नाही. वहिनींच्या पिशवीत तळाशी साचलेलं हिरवट पाणी म्हणजे दाण्यांच्या पोटातलंच पाणी.

क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन १९१२ नंतर काही वर्षं कॅनडातल्या लॅब्राडॉरला राहिला होता. तिथले इनुइट लोक बर्फाला भोक पाडून मासे काढत आणि उणे ४० अंशांच्या थंडीत तो मासा बघता बघता दगडासारखा होई. महिन्यांनी वितळवला तरी ताज्यासारखा लागे. त्यातून त्यानं झटपट गोठवायची पद्धत उभी केली. १९३० साली तसं अन्न स्प्रिंगफील्डच्या दुकानांत विकायलाही आलं.

आपल्या घरात तो वारा नाही, पण जाडी आपल्या हातात आहे. थर दुप्पट जाड केला की गोठायला दुपटीहून जास्त वेळ लागतो, कारण उष्णता जास्त काढायची असते आणि तिला बाहेर यायला वाटही लांब पडते. म्हणून दाणे स्टीलच्या ताटात एकेरी पसरून गोठवायचे, मग पिशवीत भरायचे आणि हवा दाबून काढायची. त्याआधी उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं टाकून लगेच गार पाण्यात काढायचे. ही पायरी बरेच जण गाळतात. उणे १८ अंशांनाही दाण्यातलं थोडं पाणी न गोठता राहतं आणि त्यात विकरं (एन्झाइम, म्हणजे दाण्यातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) हळूहळू काम करत राहतात. त्यानंच रंग उतरतो आणि वाळल्या गवतासारखा वास येतो. उकळत्या पाण्यानं विकरं निकामी होतात.

बाकीचे पदार्थ या एका चाळणीतून बघा. आमरसात साखर भरपूर, त्यातलं थोडं पाणी गोठतच नाही; तो छान टिकतो. खवलेला नारळ उत्तम राहतो. सुकं मटण चालतं. तांबड्या रश्श्यातले बटाटे मात्र आधी काढून घ्यावेत, नाहीतर ते स्पंजासारखे होतात. पांढरा रस्सा गोठवूच नये. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब. पाणी गोठलं की ते थेंब एकमेकांवर रेटले जातात, जुळतात, आणि रस्सा फुटतो. त्याऐवजी मटणाचं अळणी (मटण शिजवलेलं पाणी) गोठवा आणि नारळाचं दूध आयत्या वेळी घाला.

मटण वितळवायला ओट्यावर ठेवायची सवय मोडायला हवी. बर्फातून उष्णता पाण्याच्या जवळजवळ चौपट सहज जाते. गोठताना बाहेरचा थर बर्फाचा असतो, वितळताना पाण्याचा. म्हणून वितळायला वेळ जास्त लागतो. तोवर मधे बर्फ आणि बाहेरून ऊबदार मांस अशी अवस्था होते. थंडीनं जंतू मरत नाहीत, बहुतेक नुसते निपचित पडलेले असतात. ऊब मिळाली की वाढायला लागतात. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात पातेल्यात काढून ठेवलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे: लिंबू गोठवून सालासकट किसून खा, कर्करोग बरा होतो, केमोथेरपीच्या हजारो पट गुणकारी. गोठवल्यानं लिंबात औषध तयार होत नाही. पाण्याचा बर्फ होतो आणि वर सांगितलेलं पेशींचं नुकसान होतं, एवढंच. ज्या घरात कुणाचे उपचार चालू आहेत तिथं हा मेसेज पाठवणं मला क्रूरपणा वाटतो. तो आला तर पुढं पाठवू नका.

आता आपल्या पावसाळ्याचं. २०१९ च्या पुरात शहराच्या बऱ्याच भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. गच्च भरलेला वेगळा फ्रीझर दार न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रीजच्या वरच्या छोट्या कप्प्याकडून एवढी अपेक्षा धरू नये. मधे वीज येऊन गेली आणि आपण घरी नसलो, तर वितळून परत गोठलेलं मटण बाहेरून ओळखू येत नाही. त्यासाठी मी एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर पाच रुपयांचं नाणं ठेवलंय. परत आल्यावर आधी वाटी बघतो. नाणं वर असलं तर ठीक. ते तळाला जाऊन वर बर्फ धरला असेल, तर मटण टाकून द्यायचं.